चौथ्या खणातलं नाणं

त्या संग्रहालयाने खोटं लिहून दिलं होतं. तोंडी नव्हे, छापील कागदावर, वर मुद्रा आणि खाली तीन सह्या अशा थाटात. 'सर्व वस्तू एकेक करून तपासल्या, वजन केल्या आणि घेतल्या होत्या तशाच परत केल्या.' तपासायला डोळे लागतात, वजनाला काटा लागतो, आणि दोन्ही नसलं की शिक्का लागतो. शिक्के त्यांच्याकडे पोत्याने होते. एकतीस वर्षं सुट्टीचा एकेक दिवस जाळून ज्याने एक ट्रे भरला, त्या म्हाताऱ्याच्या पुढ्यात हा कागद सरकवून 'इथे सही' म्हणताना तुमची जीभ जरा तरी अडखळली का?

थोरली सून दुपारच्या सुट्टीत प्रयोगशाळेतून घरी आली ती हाताला लागलेल्या प्लास्टरसकट. ती दात करायची, म्हणजे दातांचे साचे घेऊन कवळ्या आणि टोप्या घडवायची. दारातच तिला कळलं की काहीतरी झालंय, कारण बाहेरच्या खोलीत सगळे उभे होते. या घरात सगळे एकदम उभे राहायचे ते दोनच वेळी. कुणी गेलं तर, नाहीतर आबांना नाणं मिळालं तर. कुणी गेलेलं दिसत नव्हतं.

बसलेला एकटाच होता, प्रदर्शनासाठी नेलेली आबांची नाणी परत द्यायला आलेला संग्रहालयाचा नोंदणी सहायक. पन्नाशीचा, घामट, मांडीवर पावती-पुस्तक आणि पायाशी कातडी बॅग. त्याचा चहा निवून त्यावर साय आली होती.

"आलीस? बरं झालं," आबा म्हणाले. "सूनबाई, तुझी ती दुर्बीण काढ. एक नाणं मला आपलं वाटत नाही."

दुर्बीण म्हणजे तिचं कपाळाला बांधायचं भिंग. आबांच्या लेखी ज्यातून मोठं दिसतं ती दुर्बीण.

"आबा, सही करून टाका ना," तिचा नवरा म्हणाला. हा घरातला थोरला. त्याचा लाकूड आणि काच यांचा कारखाना होता, आणि याच संग्रहालयाच्या नव्या दालनासाठी बत्तीस काचपेट्या करायचं काम त्याच्या तोंडाशी आलं होतं. फक्त वरची संमती यायची राहिली होती. "त्यांना अजून दुसरीकडे जायचंय. सातची सात नाणी समोर आहेत. मोजा हवं तर."

"मोजायला काय, गाईला पण येतं," आबांची धाकटी लेक म्हणाली. नणंदबाई छापखान्यात मुद्रितं तपासायच्या आणि घरात सगळे त्यांना तोफ म्हणायचे, तोंडावरसुद्धा. "दादा, तुझ्या काचपेट्यांवर सही मागत नाहीयेत. आबांच्या ट्रेवर मागतायत."

सुनेने दोघांकडेही पाहिलं नाही. गेला महिनाभर ती, संग्रहालयाशी वाकडं नको म्हणणाऱ्या नवऱ्याच्या बाजूने होती, उघड नाही पण होती. कारखान्यात सहा माणसं बसून होती आणि नवरा रात्रीचं जेवण उभ्याउभ्याच उरकत होता. सही झाली की सुटलो, असंच तिलाही वाटत होतं. तिने हात धुतले, भिंग बांधलं आणि खिडकीशी ट्रे ओढला.

हा ट्रे थोरल्याने सतरा वर्षांचा असताना करून दिलेला. वरच्या ओळीत सात खण, आणि सातांतही वीस हेलरचं पितळी नाणं, सन एकोणीसशे सोळा. हेलर म्हणजे जर्मनांच्या आफ्रिकेतल्या वसाहतीची, जर्मन ईस्ट आफ्रिकेची, चिल्लर. युद्धात जहाजं बंद झाली, नाणी यायची थांबली, तेव्हा त्यांनी ताबोरा गावातल्या रेल्वेच्या कारखान्यातच काडतुसांचं, नळ्यांचं, हाताला लागेल ते पितळ वितळवून नाणी पाडली. घाईचं काम. कुठलं जाड, कुठलं पातळ. खालच्या ओळींत त्या वसाहतीचं पुढे जे जे झालं ते सगळं. इंग्रजांच्या वाट्याला गेलेल्या भागाचे पूर्व आफ्रिकी शिलिंग. बेल्जियमकडे गेलेल्या रुआंडा-उरुंडीचे फ्रँक. मग रवांडा आणि बुरुंडी यांचं मिळून एक सिंहाचं नाणं, दोघांनी चुली वेगळ्या करायच्या आधीचं. मग दोघांची वेगळी. आणि शेवटी टांझानियाचा शहामृग, मान ताठ, कुणाला ओळख न दाखवणारा. आबा ट्रे दाखवायचे तेव्हा म्हणायचे, मोठ्या घराची वाटणी बघायची असेल तर इथे बघा, भांडीकुंडी कुणाकडे गेली सगळं दिसतं.

पण जीव होता वरच्या ओळीत.

आबांनी चाळीस वर्षं डब्यांच्या झाकणांचे ठसे, म्हणजे छाप उठवणारे पोलादी साचे, घडवले होते. बाकीचे लोक नाण्यात देश बघतात, आबा हत्यार बघायचे. ही सातही नाणी एकाच ठशाखालून निघाली होती. त्याची खूण म्हणजे ताबोराच्या टी या अक्षराच्या पायाशी कोरणाऱ्याची छिन्नी घसरली होती आणि तेवढा ओरखडा सातांतही होता. आणि त्या ठशाला तडा गेला होता. तड्यात पितळ शिरतं, म्हणून नाण्यावर ती चीर केसासारख्या उठलेल्या रेघेने दिसते. घाव पडत गेले तशी रेघ वाढत गेली. पहिल्या खणातल्या नाण्यावर ती मुकुटाला जेमतेम चिकटलेली, सातव्यावर पार कडेपर्यंत पोचलेली. लोक सनावारी लावतात, किमतीवारी लावतात. आबांनी आपला ट्रे त्या ठशाच्या मरणाच्या क्रमाने लावला होता. तडा गेलेलं पोलाद कधी सांधत नाही, हे त्यांना कुठल्या पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं.

"चौथं बघ," आबा म्हणाले.

तिने चौथं उचललं. कडेने, दोन बोटांत, आबांनी शिकवलं होतं तसं. मुकुट. खाली सन. टी, आणि टीच्या पायाशी ओरखडा. म्हणजे ठसा तोच. तिने नाणं उजेडात फिरवलं. पुन्हा फिरवलं. तिला वाटलं भिंगावर धूळ आहे, तिने ते पदराला पुसलं.

"रेघ नाहीये, आबा."

"कमी आहे की नाहीये?"

"नाहीच. मुकुटाखाली गुळगुळीत आहे सगळं."

आबा खुर्चीत बसले. बसले म्हणजे पाय गेल्यासारखे बसले. तोफ पाणी आणायला धावली, थोरल्याने त्यांचा खांदा धरला. आणि चौऱ्याऐंशी वर्षांचा तो माणूस हसायला लागला. आधी आवाज न करता, नुसतं पोट हलत होतं, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अरे, हे पहिलं आहे," ते म्हणाले. "माझ्या पहिल्याच्याही आधीचं. तडा जायच्या आधीचं."

खोलीत क्षणभर कुणाला काही कळेना, आणि मग सगळ्यांना एकदम कळलं. या एका नाण्यासाठी आबांनी किती पत्रं टाकली होती याची गणती नव्हती. कितीतरी व्यापाऱ्यांना त्यांनी विचारलं होतं, आणि व्यापारी दरवेळी छान चकचकीत नाणं पाठवायचे, कारण त्यांच्या यादीत रेघ असली काय नि नसली काय, नाणं एकच. ओरखडा आहे आणि रेघ नाही, असं एकही आलं नव्हतं. आबांनी शेवटी ठरवून टाकलं होतं की तो ठसा पहिल्या काही घावांतच तडकला असणार, आणि ते पहिले घाव कुणाच्या तरी खिशातून केव्हाच हरवले. गेल्या तीन वर्षांत त्यांनी विषयही काढला नव्हता. आता ते नाणं घरच्या टेबलावर, घरच्याच ट्रेमध्ये, संग्रहालयाच्या माणसाने स्वतः आणून ठेवलं होतं.

आणि मग घरातली माणसं जी फिरली, ती बघण्यासारखी.

थोरला तर उजळलाच. त्याने लगेच सगळा हिशोब मांडला की त्यांची चूक, त्यांचीच पावती, त्यांचाच शिक्का, आपण काही मागितलं नाही, आपण फक्त सही करतोय. तोफेचं तर आश्चर्यच. अर्ध्या तासापूर्वी ती वर्तमानपत्रात छापून आणायच्या गोष्टी करत होती. आता ती भावाच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"दादा म्हणतो ते बरोबर आहे," ती म्हणाली, आणि हे वाक्य तिच्या तोंडून या घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं. "एवढा माज आहे ना त्यांना? वजन केलं म्हणे. मग भोगा. त्यांनी आपलं घेतलं, आपण त्यांचं ठेवलं. फिटंफाट."

नोंदणी सहायक तोंड उघडं टाकून बघत होता. त्याला एवढंच कळलं की मंडळी सहीवर आली. त्याने पटकन पेन पुढे केलं, आणि आबांनी ते घेतलं. सुनेने बघितलं, लहान मुलाने जत्रेतली भिंगरी धरावी तसं त्यांनी ते धरलं होतं. खोटं कशाला, तिलाही वाटलं, करू दे सही. मिळू दे एकदाचं म्हाताऱ्याला. नवऱ्याचंही काम होईल. कुणाचं काय जातंय?

आणि तिथेच तिचं अडलं. कुणाचं काय जातंय, हेच तर कुणी विचारलं नव्हतं.

ती आत गेली आणि कपाटातून बिस्किटांचा डबा घेऊन आली. वर्षापूर्वी तिने हौसेने सातही नाण्यांचे साचे घेतले होते, दातांचे घेते तसेच, आणि प्लास्टरची नाणी पाडून आबांना दिली होती, येणाऱ्याजाणाऱ्याने खुशाल हाताळावीत म्हणून. तिने चौथं काढून आबांच्या समोर ठेवलं. पांढऱ्या प्लास्टरवर रेघ स्पष्ट होती, मुकुटापासून निघून सनातल्या नऊच्या डोक्याला टेकलेली.

"आबा, हे पहिलं आहे. कबूल," ती म्हणाली. "मग चौथं कुठे आहे?"

आबांचं पेन कागदावर टेकलं होतं ते तिथेच राहिलं.

चौथं विकत घेतलेलं नव्हतं. ते आबांच्या वडिलांनी आणलेलं. ते तरुणपणी समुद्रापलीकडे जाऊन त्या रेल्वेवर फिटर होते, आणि परत येताना सोबत एक ट्रंक, एक खोकला आणि हे नाणं एवढंच घेऊन आले. ते नाणं त्यांनी स्वतःच्या हाताने पाडलं, असं घरातले सगळे छातीठोक सांगायचे. आबा मात्र कधी सांगायचे नाहीत. ते म्हणायचे, तो त्या रेल्वेवर होता एवढं खरं, पुढचं मला माहीत नाही, आणि माहीत नाही म्हणून तर मी बाकीची सहा शोधली.

"वहिनी, आता कशाला घोळ घालतेस?" तोफ म्हणाली, पण तिच्या आवाजातली दारू ओली झाली होती.

"घोळ मी नाही घातला. तू म्हणालीस, त्यांचं ठेवलं. पण हे त्यांचं कशावरून?" सून सहायकाकडे वळली. "तुमच्या संग्रहालयात आहेत का अशी नाणी?"

सहायकाने मान हलवली. संग्रहालयाकडे आफ्रिकेचं काहीच नव्हतं. म्हणून तर लोकांकडून प्रदर्शनापुरतं मागून आणलं होतं.

"लोकांकडून म्हणजे? आणखी कुणी दिलं होतं?"

त्याने घाम पुसला. ते सांगता येत नाही, असं तो म्हणाला. वस्तू देणाऱ्यांची नावं गोपनीय असतात. आणि त्याच्याकडे यादी असते ती नगांची. वीस हेलर, पितळ, नग सात, एवढंच त्याला ठाऊक. कुठलं नाणं कुणाचं हे वरचे बघतात.

"वरच्यांना सगळी सारखीच दिसली असतील," आबा हळूच म्हणाले.

सुनेचं लक्ष नवऱ्याकडे गेलं. तो ट्रेकडे बघत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते. वीस वर्षांच्या संसारात तिने ते कान तसे दोनदाच पाहिले होते. आत काहीतरी खातंय, आणि हा ते गिळू बघतोय.

"अहो," ती म्हणाली. "काय?"

"काही नाही."

"प्रदर्शनाची ती पेटी तुम्हीच केली होती ना?"

थोरल्याने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा पावती-पुस्तकाकडे. बत्तीस काचपेट्या. सहा माणसं. सुनेला वाटलं, आपण विचारायला नको होतं. पण विचारून झालं होतं.

"आठ," तो म्हणाला.

"काय आठ?"

"वीस हेलरच्या पेटीत मी आठ खाचा पाडल्या होत्या. मखमलीच्या पट्टीत. मला तेव्हाच वाटलं, आबांची तर सात आहेत. म्हटलं, चुकून एक जास्त सांगितली असेल. अधिकाऱ्यांच्या हातची चिठ्ठी आहे माझ्याकडे, कारखान्यात, खिळ्याला लावलेली. खाचा आठ." आणि मग सहायकाला म्हणाला, "तुमच्या साहेबांनी दोन घरांची नाणी एका पट्टीत बसवली. शोभेसाठी. आणि परत काढताना हाताला येतील ती सात इकडे टाकली, एक तिकडे."

त्याने आबांच्या बोटांतून पेन काढून घेतलं आणि स्वतःच्या खिशाला लावलं. बायकोला तेवढ्याने कळलं की काचपेट्या गेल्या, आणि ते त्यालाही कळलंय. तिला त्या क्षणी त्याचा जेवढा अभिमान वाटला तेवढा लग्नात वाटला नव्हता.

मग आबा उठले. मघाशी पाय गेलेला माणूस आता काठीशिवाय खोलीत येरझाऱ्या घालायला लागला.

"म्हणजे आहे," ते म्हणाले. "कुणीतरी आहे. पोरांनो, कळतंय का तुम्हाला? मी एकतीस वर्षं नाणं शोधत होतो, आणि ते कुणाच्या तरी घरात होतं. याच्या एका फेरीत बसतं एवढ्या जवळ. त्याच्याकडे एकच आहे, आणि तेच आहे. त्याला माहीत असेल का ते काय आहे? की त्याचाही बाप तिकडे होता? माझ्या बापाच्या शेजारच्या यंत्रावर? सूनबाई, मला नाणं नको. म्हणजे हवंय, खोटं बोलत नाही, जीव जातोय माझा. पण आधी मला तो माणूस हवाय."

"आणि त्याच्यापुढेही असाच कागद जाणार," सून म्हणाली. "नग एक. करा सही. तो बिचारा करेलही." ती सहायकाकडे वळली. "इथून पुढे कुठे जायचंय तुम्हाला?"

सहायकाने बॅग पायांनी खुर्चीखाली सरकवली. तेवढ्याने तो बोलून गेला की त्या दुसऱ्या माणसाचं पाकीट बॅगेतच आहे.

सगळ्यांनी त्या बॅगेकडे पाहिलं. कातडी, जुनी, कडीला मोहोरबंद दोरी. चौथं नाणं चार हातांवर होतं. तोफ एक पाऊल पुढे झाली आणि सुनेने तिचा दंड धरला.

"हात नाही लावायचा. ते पाकीट त्या माणसाचं आहे, आपलं नाही. उद्या हेच म्हणतील की नाणी यांनीच बदलली." मग ती सहायकाला म्हणाली, "साहेबांना फोन लावा. आत्ता. आमच्यासमोर."

सहायकाने लावला. तो फोनवर फार वेळ हो साहेब, नाही साहेब करत राहिला. मधेच म्हणाला की मंडळी नाणं परत करतो म्हणतायत, आणि त्यावर पलीकडून जे आलं त्याने त्याचा चेहरा पडला. फोनवर हात ठेवून त्याने निरोप दिला. साहेब म्हणतात, तपासणी पूर्ण झाली आहे. चूक होणं शक्य नाही. सही घ्या आणि पुढच्या पत्त्यावर जा. सही देत नसतील तर तसा शेरा मारा. आणि काचपेट्यांच्या निविदेचं, साहेब म्हणाले, घरच्यांना आठवण करून द्या.

थोरल्याने मान वळवून बायकोला म्हटलं, "घे फोन. तूच बोल. माझ्याने शिवी जाईल."

तिने फोन घेतला. दुसऱ्या हातात प्लास्टरचं चौथं होतं, अंगठ्याखाली ती रेघ लागत होती. आबा तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. ट्रेवर त्यांनी चौथ्या खणातलं नाणं उलटं, टी खाली करून ठेवलं होतं, पाहुण्याच्या वस्तूकडे टक लावून बघू नये तसं.

"साहेब, मी दात करते," ती म्हणाली. "एकाची कवळी दुसऱ्याच्या तोंडात बसवून वर 'तपासलं' असं लिहून दिलं, तर माझं दुकान दुसऱ्या दिवशी बंद होईल. तुमचं कसं चालतं ते मला विचारायचं नाही. निविदेचंही विचारायचं नाही, ती तुम्ही कुणालाही द्या. तुमचा माणूस इथे बसलाय. त्याच्या बॅगेत एक पाकीट आहे. ज्याचं आहे त्याला इथे बोलवा, नाहीतर आम्हाला त्याच्या दारात न्या. त्याचं नाणं त्याच्या हातात देतो आणि आमचं घेतो, तुमच्या शिक्क्यावाचून. तोवर इथे कुणी सही करणार नाही आणि तुमच्या माणसाला दुसरा चहा मिळेल, तिसरा मिळेल."

पलीकडून आवाज चढला. तिने फोन कानापासून जरा लांब धरला, सगळ्यांना ऐकू जावं एवढा, आणि आवाज ओसरेपर्यंत थांबली.

"ते झालं तुमचं," ती म्हणाली. "आता माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या. आमच्या टेबलावर कुणाचं नाणं आहे? नाव सांगा."